बादलीचे रविवार

मी एक जुनी काचेची पेटी आहे, मित्रांनो. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि सव्वा फूट उंच. माझ्यात आता पाणी नाही, त्यामुळे मला पाहून मी कोण होते हे कोणाच्या लक्षात येत नाही. परवा घरी आलेल्या एका पाहुण्याने तर मला पाहून "चपला ठेवायला बरी आहे" असे म्हटले. मी मनाला लावून घेतले नाही. वय झाले की असे ऐकायची सवय होते. पण एके काळी माझ्यात मासे होते आणि एका घराचे सारे लक्ष त्या माशांकडे लागलेले होते. ते साल होते १९८६. त्या वर्षी मार्चपासून जुलैपर्यंत जे घडले ते मला आजही असे आठवते, जणू माझ्या काचेवरचे थेंब अजून सुकलेले नाहीत.

माझा जन्म त्याआधी आठ महिने एका काचवाल्याच्या दुकानात झाला. खिडक्यांची तावदाने बसवणे आणि फोटोंना चौकटी करणे हे त्याचे रोजचे काम. माशांची पेटी त्याने पूर्वी कधी केलेली नव्हती. टोकाला हिरा बसवलेली लेखणी तो पट्टीला लावून काचेवर ओढी, कर्र असा आवाज होई, आणि मग खालून हलकेच टिचकी मारली की काच अगदी रेघेवर दुभंगे. माझ्या पाच काचा त्याने अशाच कापल्या आणि सांध्यांत पारदर्शक चिकट रबर भरले. त्याला आंबट वास येत होता. तो वास माझ्या आठवणीतला पहिला वास.

एका दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यासाठी मला करायला सांगितले होते. पण नेताना माझा खालचा उजवा कोपरा दाराच्या बिजागरीला लागला आणि तुरीच्या डाळीएवढा टवका उडाला. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे लोक तुटलेले दात घेऊन येतात. त्यांना मी तुटलेली पेटी काय दाखवू?" झाले. मी परत आले आणि काचेच्या तुकड्यांच्या शेजारी, जुन्या वर्तमानपत्रांच्या भेंडोळ्या पोटात घेऊन आठ महिने धूळ खात पडले.

मग एके दिवशी पांढऱ्या गणवेशातली एक बाई फुटलेल्या तावदानाचे माप घेऊन आली. ती मोठ्या रुग्णालयात परिचारिका होती. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणत असे, भाजीवालाही आणि टपालवालाही. तावदानाचे सांगून झाल्यावर तिची नजर माझ्याकडे गेली.

"ही गळते का?"

"नाही सिस्टर. टवका दिसायला आहे तेवढाच. थेंब सोडणार नाही."

"मग द्या. दिसण्याचं आमच्या घरात आता कोणाला काही राहिलं नाही."

तिच्या या बोलण्याचा अर्थ मला घरी गेल्यावर कळला.

दोन खोल्यांचे घर. पुढच्या खोलीत खिडकीजवळ एक खाट, आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेला एक माणूस. तो सिस्टरचा नवरा, घड्याळे दुरुस्त करणारा. बाजारात त्याचे लहानसे दुकान होते. डोळ्याला भिंग लावून तो नखाएवढी चाके चिमट्याने उचलायचा. जानेवारीत त्याला झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितले होते, "यांना सगळं समजतंय. शब्द सापडत नाहीत, एवढंच. पहिल्या सहा महिन्यांत एखादा शब्द आला, तर बाकीचे येतील. मात्र त्यांना स्वतःला काही हवंसं वाटलं पाहिजे." घड्याळजीला मात्र काही हवेसे वाटत नव्हते. तो भिंतीकडे बघत पडून राही.

सिस्टरने विचार केला, या माणसाने जन्मभर बारीक हलणाऱ्या गोष्टी पाहिल्या. त्याच्यासमोर काहीतरी बारीक हलते ठेवावे. म्हणून तिने मला आणले आणि खाटेच्या समोर लाकडी टेबलावर ठेवले.

घरात आणखी दोघी होत्या. घड्याळजीची मोठी बहीण, म्हणजे आत्या. नवऱ्यामागे ती भावाकडे राहायला आली होती. धाकट्या भावालाही ती लाडाने दादाच म्हणे. तिचे गुडघे दुखत, पण जीभ कधी दुखली नाही. आणि दुसरी दहा वर्षांची मुलगी. तिला सगळे बारकी म्हणत.

"हे काय आणलं?" आत्याने मला पाहून विचारले.

"माशांसाठी पेटी आहे, वन्सं. तो चौकातला दुकानदार आहे ना, त्याच्याकडून मासे आणणार आहे."

"तो? अगं, तो मासे खायचे विकतो की…"

"बघायचे."

"बघायचे मासे! आणि त्याचे पैसे घेतो?" आत्याने कपाळाला हात लावला. "मग मीही दारात बसते. मला बघायचे द्या म्हणावं चार आणे."

बारकी खो खो हसली. घड्याळजी हसला नाही, पण त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. दोन महिन्यांत त्याने भिंत सोडून दुसरीकडे पाहिल्याचे ते पहिलेच.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझ्यात वाळू आली, प्लास्टिकचे झाड आले, पाणी गाळणारा एक स्पंज आला, बुडबुडे सोडणारी नळी आली, आणि एकदम अकरा मासे आले. पहिल्यांदा पाण्याने भरले जाणे म्हणजे काय, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. बारकीने माशांना बापाच्या धंद्यातली नावे दिली. पट्ट्यापट्ट्यांचा एक झेब्रा मासा सारखा गोल गोल फिरे, तो सेकंदकाटा. काळी, जाडसर, सावकाश चालणारी मॉली मासोळी म्हणजे तासकाटा. या दोघांच्या मधल्या चालीची नारिंगी शेपटीची गप्पी होती, तो मिनिटकाटा. ही नावे ऐकून घड्याळजीच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला. सिस्टरने ते पाहिले आणि ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली. पदर डोळ्यांना लावायचा होता तिला.

दुसऱ्या दिवसापासून तो उशी पाठीशी घेऊन बसू लागला. सिस्टरने त्याला बारकीची गणिताची चौकटीची वही दिली आणि डाव्या हातात पेन्सिल. "रोज दहा रेघा काढायच्या. वळणदार नकोत, नुसत्या रेघा. हात सुधारेल." अक्षरे त्याला जमत नव्हती; शब्दांसारखीच तीही हरवली होती. तो रेघा काढू लागला. संध्याकाळी कामावरून आल्यावर सिस्टर वही पाही आणि म्हणे, "छान! कालच्यापेक्षा सरळ आहेत." रुग्णालयात लहान मुलांशी बोलायची तिची जी रीत होती, त्याच रीतीने.

आता रविवारचे सांगते, मित्रांनो, कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

रविवार सिस्टरच्या सुट्टीचा वार. तिच्या वॉर्डात कोणाची जखम चिघळत नसे, अशी तिची ख्याती होती. नव्या मुलींना ती पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवी: "जंतू दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असं समजायचं नाही." घरातही तेच. आत्याची कवळी ती रोज उकळलेल्या पाण्यात घालून ठेवी. आत्या म्हणायची, "एक दिवस ही मलाच पातेल्यात घालून झाकण लावेल."

तर रविवारी सकाळी दहा वाजता एक निळी बादली येई. सिस्टर जाळीने मासे उचलून नळाच्या ताज्या पाण्यात सोडी. माझ्यातले सगळे पाणी, शेवटचा थेंबसुद्धा, मोरीत जाई. वाळू खळखळ उकळली जाई. स्पंज आणि झाड गरम पाण्याने घासले जात. मग माझ्या काचा पुसून, नवे पाणी भरून ती मागे उभी राही आणि म्हणे, "आता कशी लख्ख दिसते!" मी खरोखरच लख्ख दिसे. नव्या वाटीसारखी.

आणि मग मंगळवारी-बुधवारी काहीतरी होई.

पहिल्यांदा पाणी दुधाळ झाले, जणू त्यात कोणी तांदूळ धुतला होता. मासे वर येऊन तोंड पाण्याबाहेर काढून आ आ करू लागले. त्यांचे पर अंगाला चिकटले. बुधवारी दोन मासे उलटे तरंगत होते. पुढच्या आठवड्यात एक. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी दोन. अंगावर ना डाग, ना जखम. जिवंतपणी जसे सुंदर होते, तसेच मेल्यावरही दिसत होते.

सिस्टर दुकानदाराकडे गेली. त्याने विचारले, "पाणी बदलता का?"

"बदलते. दर आठवड्याला."

"मग काही रोग असेल. हे औषध घाला."

औषधाने मी दौतीतल्या शाईसारखी निळी झाले. आठवडाभर घड्याळजीला मासे दिसेनात. तो पुन्हा भिंतीकडे वळला. म्हणून सिस्टरने ते पाणी काढले आणि ठरवले, स्वच्छताच कमी पडते आहे. पुढच्या रविवारपासून स्पंज आणि झाड रुग्णालयातल्या जंतुनाशकात बुडू लागले. मासे जितके मरत, तितकी ती जास्त घासे. तिच्या बोटांची कातडी फुटली होती. माझ्या काचेवरून तो खरखरीत हात फिरला की मला कळे, ही बाई थकली आहे. तुम्ही तिच्यावर रागावू नका. ती जे करत होती ते तिने अनेक माणसांना वाचवायला वापरले होते.

आत्याला मात्र कारण केव्हाच सापडले होते.

"ही पोरगी," ती बारकीकडे बोट दाखवून म्हणाली. "येता-जाता चिमूट, येता-जाता चिमूट. मासे आहेत की जावई? खायला घालून घालून मारले हिने."

"मी दोनदाच घालते, आत्या! दुकानदाराने सांगितलंय तेवढंच."

"आणि शाळेतून आल्यावर?"

बारकीने खाण्याचा डबा पाठीमागे लपवला. शाळेतून आल्यावर ती खरोखरच एकदा थोडेसे घालायची.

जूनच्या एक तारखेला सिस्टरने माशांच्या खाण्याचा डबा औषधांच्या कपाटात ठेवला आणि किल्ली लावली. "आजपासून मी घालीन. तू पेटीला हात लावायचा नाहीस." ती ओरडली नाही. पण बारकी त्या दिवसापासून माझ्याजवळ येईना. खोलीच्या दारात उभी राहून बापाला पाही, माशांना पाही आणि निघून जाई. आपल्या हाताने बाबांचे मासे मेले, हे तिने मनाशी पक्के धरले होते. एका मुलीच्या मनावर एवढे ओझे पडलेले मी पाहत होते आणि मला सांगता येत नव्हते. मला दिसत सगळे होते. काचेचे काम दिसू देण्याचे असते, बोलण्याचे नसते.

त्या घरात आम्ही दोघे मुके होतो. एक मी आणि एक तो.

जूनमधल्या एका मंगळवारची गोष्ट. सिस्टर कामावर, बारकी शाळेत, आत्या दुपारची आडवी झालेली. मिनिटकाटा वर येऊन आ आ करू लागला. घड्याळजीने ते पाहिले. त्याने तोंड उघडले, मानेच्या शिरा ताणल्या, पण घशातून नुसती घरघर आली. मग त्याने डाव्या हाताने चमचा घेतला आणि माझ्या काचेवर आपटू लागला. टण् टण् टण्.

आत्या डोळे चोळत आली. "काय हवं, दादा? पाणी?"

त्याने माझ्याकडे बोट दाखवले.

"पाणीच ना? हे घे." तिने फुलपात्र त्याच्या ओठांना लावले. त्याने मान फिरवली. पाणी सदऱ्यावर सांडले. "मग चहा? अरे, आता कुठला चहा, तीनसुद्धा वाजले नाहीत. घड्याळजी ना तू?"

त्याने पुन्हा बोट दाखवले. आत्याने माझ्याकडे पाहिले, पण तिला जाड चष्म्याशिवाय काही दिसत नसे आणि चष्मा उशीखाली होता. "हो हो, छान आहेत मासे," असे म्हणून तिने त्याचा सदरा बदलला आणि ती पुन्हा जाऊन पडली.

मिनिटकाटा साडेचार वाजता गेला. घड्याळजी शेवटपर्यंत त्याच्याकडे बघत होता. मग त्याने वही ओढली आणि पेन्सिलीने काहीतरी काढले.

संध्याकाळी सिस्टरने वही पाहिली. "छान," ती म्हणाली. पण तिचे लक्ष माझ्यात तरंगणाऱ्या नारिंगी शेपटीकडे होते.

मधल्या काळात पाच नवे मासे आले होते. तेही एकेक करून गेले. जुलैच्या अखेरीस माझ्यात दोघेच उरले: सेकंदकाटा आणि तासकाटा. सेकंदकाटाही आता फेऱ्या मारताना मध्येच थांबे. डॉक्टरांचे सहा महिने भरून दहा-बारा दिवस झाले होते. एकही शब्द आलेला नव्हता.

शनिवारी जेवताना सिस्टर आत्याला म्हणाली, "उद्या शेवटचं एकदा सगळं नीट करते. दुप्पट औषध घालून धुते. त्यानंतरही गेले, तर पेटी काचवाल्याला परत देऊन टाकू. रोज यांच्यासमोर मरण बघायला ठेवायचं म्हणजे…"

"द्या बाई," आत्या म्हणाली. "आणि दादाचं?"

"यांचं काय, वन्सं. डॉक्टर बोलले ते बोलले."

ती हळू बोलत होती. पण दार उघडे होते आणि खाटेवरच्या माणसाला सगळे समजत होते.

रविवारी दहा वाजता निळी बादली आली. सिस्टरने बाह्या वर केल्या आणि जाळी माझ्यात घातली. सेकंदकाटा पूर्वी जाळीला हुलकावणी द्यायचा. त्या दिवशी तो आपण होऊन जाळीत पडला. जाळी वर येऊ लागली, आणि तेवढ्यात एक डावा हात तिच्या मनगटावर पडला. एवढ्या जोरात, की ओंजळभर पाणी टेबलावर सांडले.

"अहो, काय करताय? मासा पडेल!"

घड्याळजी खाटेच्या कडेला आला होता. तोंड उघडत होते, मिटत होते, माझ्यातल्या माशांसारखेच. आणि मग तो शब्द आला. घोगरा, ओबडधोबड, पण अख्खा.

"नको."

सिस्टरच्या हातातली जाळी पाण्यात पडली. सेकंदकाटा सुटून खाली गेला. आत्या दारात आली होती, तिच्या हातातली वाटी तशीच राहिली. बारकी तिच्या मागे.

"काय… काय म्हणालात?"

"नको," तो पुन्हा म्हणाला, आणि त्याने वही उचलून तिच्या पोटाशी दाबली. "नको. नको."

सिस्टर रडतच होती. वहीकडे तिने नुसते पाहिल्यासारखे केले. पण तो ऐकेना. त्याने बोट पानावर ठेवले आणि एका रकान्यावरून खाली, खाली, खाली ओढत नेले. तेव्हा तिने डोळे पुसले आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ती वही नीट वाचली.

त्या रेघा हाताच्या व्यायामाच्या नव्हत्या. एका ओळीत सात चौकटी, अशा ओळीखाली ओळी. दर ओळीच्या पहिल्या चौकटीत दोन उभ्या रेघा आणि त्यांच्या वर कडीसारखा अर्धगोल. बादली! बादल्यांखाली बादल्या, सगळ्या एका सरळ रांगेत. बाकीच्या चौकटींत एकेक ठिपका. आणि तिसऱ्या-चौथ्या रकान्यात फुल्या. कुठे एक, कुठे दोन. एकंदर चौदा. पाचव्या, सहाव्या, सातव्या रकान्यात एकही नाही.

सिस्टरने आयुष्यभर तापाचे तक्ते वाचले होते. ताप कोणत्या वेळी चढतो, औषधानंतर किती तासांनी उतरतो, हे ती लांबून पाहून सांगे. तिला तो तक्ता समजायला किती वेळ लागणार? तिचे बोट मेमधल्या एका ओळीवर थांबले. त्या ओळीत बादली नव्हती. नुसते सात ठिपके. फुली नाही.

"हा आठवडा…" ती म्हणाली. "या रविवारी मी बदली ड्यूटीवर होते. धुतलीच नव्हती पेटी."

घड्याळजीने मान हलवली.

"म्हणजे मी धुते, आणि… मीच?"

त्याने मान हलवली नाही. त्याने तिचा फुटलेला हात आपल्या डाव्या हातात धरला आणि तो तसाच धरून बसला.

आत्याला आता चष्मा सापडला होता. तिने वही पाहिली, बादली पाहिली, भावजयीचा चेहरा पाहिला. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडले आणि जन्मात पहिल्यांदा ते न बोलता मिटले.

त्या दिवशी मला कोणी धुतले नाही. दुपारी सिस्टर दुकानदाराला घरीच घेऊन आली. त्याने माझ्यावर वाकून वास घेतला.

"ताई, हा दवाखान्याचा वास कसला?"

तिने सगळे सांगितले: पाणी, वाळू, स्पंज, जंतुनाशक.

"सगळं पाणी? दर आठवड्याला सगळं?" त्याने डोक्याला हात लावला. "मी विचारलं पाणी बदलता का, तुम्ही म्हणालात बदलते. किती बदलता, हे मी विचारायला हवं होतं. आणि पहिल्याच दिवशी अकरा मासे द्यायला नको होते मी. चूक माझीही आहे."

मग तो खुर्चीवर बसला आणि त्याने समजावले. माशांची घाण पाण्यात विरघळते आणि विष होते. ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. ते वाळूला, स्पंजाला, काचेला चिकटून राहतात आणि हळूहळू वाढतात. त्यांच्या जिवावर मासा जगतो. "तुम्ही दर रविवारी त्यांना उकळत होता. वर नळाचं ताजं पाणी. त्यात शहराचं औषध, क्लोरीन, असतंच. मग दोन दिवसांत विष साठतं, आणि मासा गुदमरतो."

"म्हणजे जंतू," सिस्टर म्हणाली. "चांगले जंतू?"

"चांगलेच."

ती उठली, औषधांच्या कपाटाची किल्ली काढली, माशांच्या खाण्याचा डबा काढला आणि दारात उभ्या असलेल्या बारकीच्या हातात दिला.

"चिमूटभर घाल. तूच घाल. तुझ्या हातानं काही झालं नव्हतं."

बारकीने डबा घेतला. तिने एवढ्या घाईने चिमूट घातली की अर्धी टेबलावर सांडली. आत्या म्हणाली, "जास्त झालं तरी चालेल गं. आज घाल." आणि तिने पदराने टेबल पुसले. आत्याची क्षमा मागायची रीत तेवढीच.

पुढे माझे दिवस बदलले. बादलीत आदल्या दिवशी भरून ठेवलेले पाणी. आठवड्याला चौथा हिस्सा काढायचा, तेवढेच घालायचे. स्पंज माझ्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा. माझ्या काचेवर हिरवट झाक आली आणि मी पूर्वीसारखी लख्ख राहिले नाही. पण वहीत पुढे ठिपकेच ठिपके आले. सप्टेंबरात तासकाट्याने बावीस पिल्ले दिली. "मादी होती होय!" आत्या म्हणाली. "आणि इतके दिवस नुसती काटा म्हणवून घेत होती, बिचारी."

घड्याळजीला दुसरा शब्द यायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत तो सगळ्याला "नको" म्हणे. आत्या विचारी, "चहा देऊ?" तो म्हणे, "नको," आणि कपासाठी हात पुढे करी. दुसरा शब्द "बारके" हा होता. मग हळूहळू पन्नासेक शब्द आले, मग वाक्ये. त्याने दुकान पुन्हा उघडले आणि डाव्या हाताने भिंतीवरची मोठी घड्याळे दुरुस्त केली. मनगटी घड्याळांना मात्र तो "नको" म्हणे, आणि ते खरोखरचे नको असे. तो आणखी बारा वर्षे जगला. सेकंदकाटा त्या रविवारानंतर दोन वर्षे फिरत होता, आणि झेब्रा माशासाठी ते पुष्कळच म्हणायचे.

आत्या शेवटपर्यंत प्रत्येक पाहुण्याला सांगत राहिली, की पेटी फार धुतात हा संशय तिला पहिल्या दिवसापासून होता. कोणी तिला अडवले नाही. दुकानदाराच्या जागी आता त्याचा मुलगा मोबाईलची कव्हरे विकतो. दुकानदार स्वतः गच्चीवर मासे पाळून सुखात गेला. काचवाल्याचा शब्द खरा ठरला. टवक्याच्या कोपऱ्यातून मी कधी थेंब सोडला नाही. २००४ साली गळले ते डाव्या कोपऱ्यातून. तेव्हापासून मी कोरडी आहे. बारकी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात गेली. नळाच्या पाण्यात ते औषध किती घालायचे, ते मोजण्याचे काम तिच्याकडे आहे. आई तिला चिडवी, "माझ्या रविवारांचा सूड घेतेस होय?" मी आता बारकीच्याच घरी असते, गॅलरीत. माझ्या तळाशी ती चौकटीची वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे.

सिस्टर आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि तीही बारकीकडेच राहते. रुग्णालयात ती पुढे मेट्रन झाली. नव्या मुलींना जुने वाक्य शिकवीतच राहिली, पण त्याला एक शेपूट जोडून: "आणि रुग्ण बोलत नाही म्हणून तो काही सांगत नाही, असंही समजायचं नाही."

मित्रांनो, म्हाताऱ्या पेटीचे एवढे ऐका. तुमच्या घरात कोणी न बोलणारे असेल, माणूस, मासा, मांजर, कोणीही, तर त्याने काढलेल्या रेघांना नुसते छान म्हणू नका. त्या वाचा. आणि प्रेमाने काही करत असाल, तरी मधूनमधून मागे वळून बघा, की त्याने काय होते आहे.

गेल्या महिन्यात बारकीची मुलगी घासणी आणि साबणाचे पाणी घेऊन गॅलरीत आली. मला घासून माझ्यात झाडे लावायची असा तिचा बेत होता. तिने साबणात घासणी बुडवली आणि माझ्या कोपऱ्याकडे हात नेला.

"नको," खुर्चीतून आवाज आला.

"का गं आजी? किती घाण झाली आहे!"

आजीने काठी टेकली, उठली आणि तिच्या शेजारी येऊन वाकली. माझ्या टवक्याच्या कोपऱ्यात एका कोळ्याने जाळे विणले होते आणि त्यात कापसासारखी, मुगाएवढी अंड्यांची एक गाठ होती.

"आधी बघ," ती म्हणाली, "तिथे कोण राहतंय."